दोन्ही पत्ते

रात्री पावणेदोनला भट्टी थोपवून धरतात.
मोल्डिंगची पोरं चहाला जातात.
शिरोलीच्या या शेडमध्ये
मला मिळतात तेवढीच वीस मिनिटं.

स्विच टूलरूमच्या मागच्या कपाटात.
वर वाळूचा काळा थर,
शेजारी कुणीतरी खोवलेली अर्धी उदबत्ती.
फुंकर मारली तर डोळ्यात जातं
म्हणून ओढणीनं पुसते.

पहिली गोष्ट, आणि हीच सगळे विसरतात:
या जुन्या स्विचच्या डोक्यात
नव्या पत्त्यांना जागाच ठेवलेली नसते.
आधी साचा बदलायचा,
दोघांनाही जागा दे म्हणायचं,
मग बंद करून पुन्हा चालू.
नाहीतर पुढची आज्ञा तो घेत नाही,
ओळीखाली एक टोपी काढून दाखवतो:
चुकलं, इथं चुकलं.

दिवे नारिंगी होतात.
मुल्लाणी फोरमन दारात, हातात दोन कप.
"म्याडम, जुना पत्ता काढून टाकणार व्हय?
माझा वजनकाटा त्याच्यावर हाय."
नाही काढत. जुना राहील, नवा शेजारी बसेल.
एका दाराला दोन पाट्या.
"म्हंजे आमच्यावाणीच की.
चिखलीत घर, सोनतळीला पुनर्वसनाचा प्लॉट.
पाणी चढलं की वर, उतरलं की खाली.
रेशनकार्ड एकीकडं, लाइटबिल दुसरीकडं.
पाहुणा चुकतोय, ब्यांकेचा माणूस न्हाई चुकत."

साडेचार मिनिटं गेली. स्विच उठला.

आता पत्ता.
आठ घरं, घरात चार चार अक्षरं,
शून्य ते नऊ, पुढे ए बी सी डी ई एफ.
मी ई वॉर्डातली, मामा सी वॉर्डात,
अक्षर चिकटलेले आकडे मला परके नाहीत.
एफ तेवढा आमच्या गावात नव्हता.

सलग शून्यं आली की गाळायची,
जागेवर दोन विसर्ग, शेजारी शेजारी.
पण एकदाच.
दुसऱ्यांदा गाळलं
तर कुठं किती गेलं ते यंत्राला कळत नाही.
माणसालाही कळत नाही, पण तो भाग वेगळा.

नव्या पद्धतीला हो म्हटलं
की एक पत्ता तो आपला आपण घेतो,
एफ ई ऐंशीनं सुरू होणारा.
तो या तारेपुरता.
तालमीत ज्याला ढब्बू म्हणतात
त्याला बिंदू चौकात कोण ढब्बू म्हणतंय?

मी दिलेला मात्र लगेच त्याचा होत नाही.
आधी तो तारेवरच्या सगळ्यांना विचारतो,
या पत्त्याचं इथं कोणी आहे का?
तोवर यादीत पुढे लिहिलेलं: तात्पुरता.
कुणी ओ दिली तर पत्ता गेला.
कुणीच बोललं नाही तर तुझा.
एखादा सेकंद. मी दरवेळी श्वास धरते.

मुल्लाणींना हे मी सांगायला नको होतं.
कपातल्या चहाकडं बघत म्हणाले,
"प्लॉट आमचा असाच झाला.
चिठ्ठी निघाली, नाव पुकारलं, तीनदा.
ज्याचा हुता त्यानं ओ दिली न्हाई.
मग बाचं नाव घेतलं.
बा घरी येऊन जेवला न्हाई त्या दिवशी."

पडद्यावरचा 'तात्पुरता' शब्द
तेवढ्यात निघून गेलेला.

सेव्ह करते. हे राहिलं
तर वीज गेली की सगळं आपलं पहिल्यासारखं.
चिकटपट्टीवर नवा पत्ता पेनानं लिहून
जुन्या पट्टीखाली लावते, वर नाही.

मग भट्टीच्या मीटरला हाक,
पाच वेळा.
पहिली हाक परत येत नाही.
बाकी चार येतात.

"पयली कुठं गेली?"
शेजारी शोधायला, मी म्हणते.
बाहेर भोंगा झाला.
पोरं बिडी विझवत आत येऊ लागली.